टच स्क्रीनला बोट नेमकं कुठे टेकलं हे कळतं कसं? (चार्जर, पाऊस, टेम्पर आणि मेलेली पट्टी)

छावणीकर

मंडळी, एक गोष्ट मुळापासून समजून घ्यायची आहे. मोबाइलची काच दबत नाही, तिच्याखाली बटण नाही, तरी बोट कुठे टेकलं ते मिलिमीटरच्या हिशेबात कळतं. "कपॅसिटिव्ह आहे" एवढं सगळे सांगतात आणि तिथेच थांबतात. त्यासोबत तीन तक्रारींचा खुलासा हवा, कारण इंदूरमध्ये घरोघरी ऐकू येतात. चार्जिंगला लावलं की टच आपोआप चालतो, चार्जर काढला की ठीक. पावसाचे चार थेंब पडले की भलतंच ॲप उघडतं. आणि नवीन टेम्पर (वरून चिकटवायची संरक्षक काच) लावल्यावर कीबोर्डच्या अगदी कडेची अक्षरं दोन-दोनदा दाबावी लागतात. दुकानात तिन्हीवर एकच उपाय सांगतात, फोल्डर (काच, टच आणि डिस्प्ले यांचा अख्खा संच) बदला. पैसे घालण्याआधी कारण कळलं तर बरं.

तांब्याची तार

तिन्ही तक्रारी एकाच मुळातून येतात, म्हणून आधी मूळ बघू.

काचेच्या आतल्या अंगाला आयटीओचा, म्हणजे इंडियम टिन ऑक्साइडचा, अतिशय पातळ थर असतो. त्यातून वीज वाहते आणि पलीकडचं दिसतंही. जुना फोन बंद करून उन्हात तिरका धरा, काचेत शंकरपाळ्यांची फिकट नक्षी दिसेल. तीच ती. उभ्या रांगेतल्या शंकरपाळ्या टोकाला टोक लावून एकमेकींना जोडलेल्या, आडव्या रांगेतल्या एकमेकींना. दोन रांगा ओलांडतात तिथे मध्ये इन्सुलेशनचा इवलासा पूल. दोन रांगांमधलं अंतर साधारण ४ ते ५ मिमी. साडेसहा इंची फोनवर अशा समजा १६ उभ्या आणि ३६ आडव्या रांगा बसतात. ओलांडण्याच्या जागा झाल्या ५७६. प्रत्येक जागेला नोड म्हणू.

उभ्या रांगांवर कंट्रोलर, म्हणजे टच मोजणारी चिप, सिग्नल सोडतो, त्या टीएक्स. आडव्या फक्त ऐकतात, त्या आरएक्स. (काही फोनमध्ये हे उलट असतं.) दोन्ही एकमेकींना कुठे चिकटलेल्या नसल्या तरी शेजारी आहेत, त्यामुळे प्रत्येक नोडवर साधारण एक-दोन पिकोफॅरडचा कपॅसिटर (थोडा चार्ज साठवणारी जोडी) आपोआप तयार होतो. टीएक्सचं व्होल्टेज वर-खाली केलं की त्या कपॅसिटरमधून ठरावीक चार्ज आरएक्समध्ये ढकलला जातो आणि कंट्रोलर तो मोजतो.

आता बोट. टीएक्सकडून आरएक्सकडे जाणाऱ्या विद्युतक्षेत्राच्या काही रेषा काचेतून वर निघतात, कमानीसारख्या वळतात आणि पुन्हा खाली उतरतात. बोट म्हणजे खारट पाण्याने भरलेला वाहक, आणि त्याच्या मागे अख्खं शरीर, ज्याची जमिनीशी धारिता (चार्ज साठवण्याची क्षमता) साधारण १०० पिकोफॅरड. कमानीच्या माथ्यावर बोट आलं की त्या रेषा बोटात शिरतात आणि शरीरावाटे ग्राउंडला जातात. आरएक्सच्या वाट्याचा चार्ज घटतो, ढोबळमानाने दहा ते वीस टक्क्यांनी. म्हणजे बोट टेकलं की नोडचा आकडा कमी होतो. पावसाच्या प्रश्नात याचाच उपयोग होणार आहे.

स्कॅन करताना एका वेळी एकच टीएक्स वाजवायची आणि सगळ्या ३६ आरएक्स एकदम ऐकायच्या. सेकंदाला १२० फेऱ्या हव्या असतील तर एका फेरीला ८.३ मिलिसेकंद, एका टीएक्सच्या वाट्याला साधारण ५२० मायक्रोसेकंद. सिग्नल २०० किलोहर्ट्झचा असेल तर एक आवर्तन ५ मायक्रोसेकंदांचं. डिस्प्लेचा विद्युत गोंगाट टाळायला निम्मा वेळ सोडला तरी ५०-६० आवर्तनांची बेरीज हातात येते. एकच मोजणी घेतली तर फरक गोंगाटात बुडतो. बेरजेने तो वर येतो.

स्नेहलतागंज

इथवर पटलं. पण नोड ४ मिमी अंतरावर असतील तर अचूकपणाही ४ मिमीच यायला हवा. चित्र काढताना रेघ तर सलग येते.

तांब्याची तार

बरोबर जागी बोट ठेवलंत. ते पाहायला कंट्रोलर आकड्यांचं काय करतो ते बघावं लागतं.

चालू होताना, बोट नसताना, तो ५७६ आकडे टिपून ठेवतो. ही बेसलाइन. पुढे प्रत्येक फेरीत ताजा आकडा बेसलाइनमधून वजा करतो. उरला तो फरक. फरक ठरलेल्या उंबरठ्याच्या आत असेल तर सोडून देतो, वर गेला तर स्पर्श.

बोटाचा टेकलेला भाग ८-१० मिमीचा असतो, त्यामुळे तो कधीच एका नोडवर मावत नाही. शेजारच्या रांगांनाही थोडा थोडा फरक पडतो आणि जागा त्या वाटणीतून निघते. समजा ५, ६, ७, ८ या उभ्या रांगांवर फरक आला २०, ८५, ६०, १०. बेरीज १७५. आता प्रत्येक फरकाला त्याच्या रांगेच्या क्रमांकाने गुणा: १००, ५१०, ४२०, ८०. बेरीज १११०. भागाकार ६.३४. रांगांमधलं अंतर ४.२५ मिमी धरलं तर शून्य क्रमांकाच्या रांगेपासून २७ मिमीवर बोटाचा मध्य. आडव्या रांगांचा असाच हिशेब केला की दुसरा अक्ष मिळतो. तराजूचा काटा शोधावा तसा हा वजनाचा मध्यबिंदू आहे.

आता गोंगाटामुळे ६० च्या जागी ६६ आले असं धरा. उत्तर ६.३६, म्हणजे जागा सरकली जेमतेम ०.१ मिमी. एक आकडा दहा टक्के चुकूनही रेघ थरथरत नाही, ती यामुळे.

शंकरपाळीच का, तेही यातच आलं. सरळ पट्ट्या असत्या तर बोट एका पट्टीवरून दुसरीवर जाताना आकडा धाडकन बदलला असता. टोकदार आकारामुळे एकीचा वाटा हळूहळू कमी होतो आणि दुसरीचा हळूहळू वाढतो.

स्नेहलतागंज

म्हणजे दोन बोटं टेकली तर फरकांचे दोन वेगळे डोंगर दिसतात?

तांब्याची तार

हो, नोडनिहाय मोजणी असेल तर. दुसरी पद्धत स्वस्त पॅनलमध्ये असते, तिला सेल्फ कपॅसिटन्स म्हणतात. तिच्यात नोड मोजत नाहीत, अख्खी रांग आणि ग्राउंड यांच्यातली धारिता मोजतात. मोजण्या फक्त १६ अधिक ३६, म्हणजे ५२. वेगवान आणि संवेदनशील, पण दोन बोटांना गोंधळते. एक बोट (३, ५) वर, दुसरं (९, १२) वर ठेवा. कंट्रोलरला दिसतं की उभ्या ३ आणि ९, आडव्या ५ आणि १२ हलल्या. त्यातून जागा चार निघतात: (३, ५), (९, १२), (३, १२), (९, ५). शेवटच्या दोन खोट्या, आणि एका फेरीच्या आकड्यांवरून त्या ओळखता येत नाहीत. म्हणून फोनमध्ये मुख्य भार नोडनिहाय मोजणीवर असतो आणि सेल्फ पद्धत मदतीला.

माणिकबाग

अँड्रॉइडच्या पॉइंटर लोकेशनमध्ये (बोट कुठे टेकलं ते पडद्यावर दाखवणारी सोय) 'प्रेशर' असाही आकडा येतो. मग दाब मोजतातच ना?

तांब्याची तार

दाब मोजायचं काही साधन तिथे नसतं. जोरात दाबलं की बोटाचं मांस पसरतं, जास्त नोड झाकले जातात, फरकांची बेरीज वाढते आणि तीच दाब म्हणून दाखवली जाते. कित्येक फोनमध्ये तो आकडा कायम १.० असतो. टच नीट लागत नाही म्हणून काच जोराने दाबणारे कंट्रोलरला काही जास्त सांगत नाहीत, उलट आतल्या गोंदावर ताण देतात.

रामबाग

कडेच्या अक्षरांचं मी सांगते, कारण त्याचा सरळ हिशेब मांडता येतो.

बोट आणि आयटीओ या दोन पाट्या, मध्ये काच, असं धरा. टेकलेला भाग ८ मिमी व्यासाचा, क्षेत्रफळ ५० चौरस मिमी. काच ०.७ मिमी, काचेचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (मधल्या पदार्थामुळे धारिता किती पट होते तो आकडा) ७. सूत्राने धारिता येते ४.४ पिकोफॅरड.

त्यावर ०.३३ मिमीचा पूर्ण गोंदवाला टेम्पर लावला की जाडी १.०३ मिमी आणि धारिता ३.०. म्हणजे एक तृतीयांश सिग्नल गेला, पण चालून जातं.

आता फक्त कडेला गोंद असलेला टेम्पर घ्या. मध्ये ०.१ मिमी हवा राहते. हवेचा स्थिरांक १, त्यामुळे ०.१ मिमी हवा म्हणजे ०.७ मिमी काच! एकूण जाडी १.७३ मिमी काचेइतकी आणि धारिता १.८. निम्म्याहून जास्त सिग्नल गेला, आणि तोही डोळ्याला न दिसणाऱ्या फटीमुळे. म्हणून "जाड काच आहे का" यापेक्षा "मध्ये हवा आहे का" हे आधी तपासायचं.

कडेलाच त्रास का, तर तार काकांनी सांगितलेला मध्यबिंदू आठवा. शून्याव्या रांगेच्या बाहेर रांगच नाही. कडेवरच्या बोटाचा अर्धा डोंगर कापला जातो, मध्यबिंदू आतल्या बाजूला ओढला जातो. फर्मवेअर (कंट्रोलरमधलं सॉफ्टवेअर) त्याची दुरुस्ती करतं, पण मुळात तिथे आकडे तोकडे असतात. त्यात गोल कडेच्या काचेवर टेम्पर थोडा उचललेला असला की उरलेला सिग्नलही उंबरठ्याखाली जातो. उपाय म्हणजे पूर्ण गोंदवाला टेम्पर. वक्र काच असेल तर यूव्ही गोंदाचा, नाहीतर पातळ फिल्म. सेटिंगमध्ये 'टच सेन्सिटिव्हिटी' वाढवता येते, मात्र त्याने उंबरठा खाली येतो आणि गोंगाटही आत शिरतो. चार्जरवर घोस्ट टच (आपोआप लागणारे खोटे टच) येत असतील तर तो पर्याय बंद ठेवा.

तांब्याची तार

ताईंचा हिशेब चोख आहे. फक्त हे ४.४ पिकोफॅरड अख्ख्या बोटाचे आहेत आणि ते पाच-सहा नोडमध्ये वाटले जातात. एका नोडच्या वाट्याला येणारा बदल पिकोफॅरडच्या अंशात असतो.

आता चार्जर. एक समजूत आधी सोडा, चार्जिंगने स्क्रीन "गरम होऊन" टच बिघडतो ही. कारण वेगळं आहे.

दोन पिनी चार्जरला अर्थिंग नसतं. आतला स्विचिंग ट्रान्सफॉर्मर दहा-वीस किलोहर्ट्झपासून शेकडो किलोहर्ट्झपर्यंत गोंगाट करतो आणि गुंडाळ्यांमधल्या धारितेतून तो केबलवर चढतो. परिणाम असा की फोन, त्याचं ग्राउंड, टीएक्स, आरएक्स, सगळं मिळून जमिनीच्या तुलनेत वर-खाली डोलतं. सगळं एकत्र डोलत असल्याने फोनला स्वतःला ते जाणवत नाही. मग बोट येतं. बोट शरीरावाटे जमिनीला बांधलेलं, ते स्थिर. डोलणाऱ्या फोनच्या नजरेतून बोटच डोलतं, आणि आपल्याखालच्या आरएक्समध्ये चार्ज ओततं. गोंगाटाची वारंवारता स्कॅनच्या वारंवारतेजवळ असली की कंट्रोलर त्याला फरक समजतो.

म्हणून या दोषाची ओळख अगदी ठळक आहे. बोट नसताना काही होत नाही. बोट टेकलं की खोटे टच त्याच आरएक्स रांगेत उमटतात, एका सरळ रेषेत. चांगला कंट्रोलर गोंगाट ओळखून दुसऱ्या वारंवारतेवर उडी मारतो, पण सगळीकडेच गोंगाट असेल तर जाणार कुठे?

हा गोंगाट थोपवायला चार्जरमध्ये प्रायमरी (मेन्सची बाजू) आणि आउटपुट यांच्यामध्ये वाय कपॅसिटर असतो, साधारण १ ते २.२ नॅनोफॅरडचा. तो गोंगाटाला परतीचा जवळचा रस्ता देतो. धातूच्या फोनला चार्जिंगवर हात लावला की हलकी झिणझिणी येते ती त्याच्यातून. २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ आणि २.२ नॅनोफॅरड या हिशेबाने प्रवाह जास्तीत जास्त ०.१६ मिलिअँपिअर. स्वस्त चार्जरमध्ये हा कपॅसिटर गाळतात. झिणझिणी थांबते आणि घोस्ट टच सुरू होतात. झिणझिणी येते म्हणून चार्जर वाईट, असा निष्कर्ष काढू नका.

आणि कळकळीने सांगतो, चार्जर उघडून तिथे साधा डिस्क कपॅसिटर जोडू नका. तो शॉर्ट झाला तर फोनच्या बॉडीवर थेट मेन्स येईल. वाय दर्जाचा कपॅसिटर बिघडला तरी शॉर्ट न होता जोड तुटेल अशाच बेताने बनवलेला असतो. चार्जर बदला, तो उघडू नका.

माणिकबाग

भिंतीच्या सॉकेटचं अर्थिंग नीट केलं तर फरक पडेल का?

तांब्याची तार

दोन पिनी मोबाइल चार्जरला नाही पडणार, त्याची अर्थपर्यंत पोचणारी पिनच नाही. लॅपटॉपच्या तीन पिनी अडॅप्टरला मात्र खूप पडतो. चार्जिंगवर ट्रॅकपॅडचा कर्सर उड्या मारत असेल तर पहिला संशय अर्थिंगवर घ्या. ट्रॅकपॅड म्हणजे डिस्प्ले नसलेला टच स्क्रीनच.

रामबाग

पावसाचं. काचेवर बसलेला थेंब कशालाच जोडलेला नसतो. तो टीएक्सच्या रेषा झेलतो आणि ग्राउंडला न नेता शेजारच्या आरएक्सला देतो. म्हणजे मधला पूल मजबूत होतो आणि नोडचा आकडा वाढतो, बोटाच्या अगदी उलट. फरकाचं चिन्ह उलटं दिसलं की कंट्रोलरला कळतं, हे पाणी आहे.

शिवाय सेल्फ पद्धतीत सगळ्या रांगांवर एकच सिग्नल एकदम सोडला तर थेंबाच्या सर्व बाजूंना सारखंच व्होल्टेज असतं. थेंबातून काही वाहत नाही, तो जवळजवळ अदृश्य होतो. बोट मात्र दिसतं. दोन्ही मोजण्या ताडून पाहणारा फोन पावसात बराच टिकतो.

फसतं तेव्हा कारणं बहुधा दोन. एक, पाण्याचा ओघळ थेंबावरून बोटापर्यंत किंवा धातूच्या फ्रेमपर्यंत पोचला की सगळं डबकं ग्राउंडला जोडलं जातं आणि एका मोठ्या बोटासारखं वागतं. दोन, आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं: थेंब बराच वेळ बसून राहिला तर कंट्रोलर त्याला बेसलाइनमध्ये सामावून घेतो, कारण तापमानाने होणारे संथ बदल असेच सामावून घ्यायची त्याला सवय आहे. मग तुम्ही तो पुसता. आकडा बेसलाइनखाली घसरतो, आणि हा तर बोट टेकल्याचा सिग्नल! कोरड्या काचेवर, थेंब होता त्याच जागी खोटा टच लागतो. म्हणून स्क्रीन बंद करून पुसा, दोन-तीन सेकंद थांबा, मग चालू करा. बऱ्याच फोनमध्ये जागं होताना बेसलाइन नव्याने घेतली जाते.

स्वयंपाकघरात याचा पडताळा मिळतो. तुपाचा हात लावला तर काच चिकट होते, पण टच फारसा बिघडत नाही, कारण तूप वीज वाहत नाही आणि त्याचा स्थिरांक ३ च्या आसपास. मिठाच्या पाण्याचा ओला हात लावा, रेघ पाण्याच्या डागापर्यंत पळते.

माणिकबाग

इंडक्शन शेगडीचंही हेच गणित का? दूध उतू गेलं की ती आपली आपण बंद होते.

रामबाग

हेच. तिथे जाळी नसते, प्रत्येक बटणाखाली काचेला टेकलेली एक धातूची स्प्रिंग असते आणि सेल्फ पद्धत. काच जाड, म्हणून स्प्रिंगचं काचेला पक्कं टेकणं महत्त्वाचं. एकच बटण लागत नसेल तर बहुतेकदा स्प्रिंग खाली बसलेली किंवा तिरकी झालेली असते. शेगडीची वायर सॉकेटमधून काढून मगच उघडा. दूध सांडल्यावर अनेक बटणं एकदम दाबल्यासारखी दिसतात आणि सुरक्षेसाठी ती बंद होते.

फ्लेक्स-पट्टी

दुरुस्तीच्या बाजूने लिहितो. फोल्डर बदलण्याआधी दहा मिनिटं हे करा.

सेटिंग्जमध्ये बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप, मग डेव्हलपर ऑप्शन्समध्ये पॉइंटर लोकेशन चालू. फोन बॅटरीवर, टेम्पर काढलेला, काच कोरडी. आता एका बोटाने डावीकडून उजवीकडे सलग रेघा ओढत वरून खाली या, बोटाच्या रुंदीइतकं अंतर ठेवून. मग वरून खाली तशाच. शेवटी दोन तिरक्या.

प्रत्येक आडवी रेघ एकाच ठिकाणी तुटते, तीही वरपासून खालपर्यंत, तर एक उभी रांग मेली. रुंदी साधारण ४ मिमी भरेल. रांग तुटते ती बहुधा मध्ये नाही, काचेच्या कडेला जिथे फ्लेक्स (तारांची लवचिक पट्टी) चिकटवलेला असतो तिथे, किंवा कनेक्टरवर. कनेक्टर काढा, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) आणि मऊ ब्रशने स्वच्छ करा, वाळू द्या, पुन्हा बसवा. हिरवट गंज दिसला तर पाणी गेलेलं आहे. फ्लेक्सचा काचेवरचा जोड गेला असेल तर तो हाताने सोल्डर होत नाही, फोल्डरच लागतो.

रेघ एखाद्या गोल चकत्यात तुटते आणि बाजूने ठीक आहे, तर ओसीएमध्ये (काच चिकटवणाऱ्या पारदर्शक गोंदात) बुडबुडा किंवा आतला तडा. ग्लास चेंज केलेल्या, म्हणजे फक्त वरची काच बदललेल्या, फोनमध्ये हे हमखास. ओसीए शीट काचेसारखीच वागते, पण बुडबुडा म्हणजे हवा, आणि हवेचा हिशेब ताईंनी वर दिलाच आहे.

टच पूर्ण मेला पण चित्र स्वच्छ? बॅटरी सोडवून मल्टीमीटर डायोड मोडला, लाल प्रोब ग्राउंडला, काळा कनेक्टरच्या पिनांवर. सिग्नलच्या पिनांवर साधारण ३०० ते ६०० दिसायला हवं. शून्य म्हणजे शॉर्ट, ओएल म्हणजे लाइन तुटली. मग बॅटरी लावून सप्लाय बघा, २.८ ते ३.३ व्होल्ट एक आणि १.८ व्होल्ट दुसरा. रिसेटची पिन वर (हाय) असली पाहिजे. इंटरप्टची (स्पर्श झाल्याची वर्दी देणारी) पिन बोट लावल्यावर हलली पाहिजे. एसडीए, एससीएल (कंट्रोलर आणि फोन यांच्या बोलण्याच्या दोन लाइन) रिकाम्या वेळी वर नसतील तर त्यांना वर धरणारे पुलअप रेझिस्टर तपासा.

आणखी एक. हल्लीच्या एलसीडी फोनमध्ये टच वेगळा नसतो, डिस्प्लेच्याच आत असतो आणि दोघांचा चालक आयसी एकच. तिथे "फक्त टच बदलून द्या" हे शक्य नाही. इंदूरच्या जेल रोडला एकाच मॉडेलचे दोन-तीन तऱ्हेचे फोल्डर मिळतात. चित्र येतं पण टच येत नाही, असं झालं तर फोल्डरवरचा आयसी फोनच्या सॉफ्टवेअरला ओळखीचा नाही. बसवण्याआधी, संरक्षक फिल्म न काढता, कनेक्टर जोडून वरच्या सगळ्या रेघा ओढून बघा. फिल्म काढल्यावर कोणी परत घेत नाही.

अमोलेडवर टचची जाळी थेट डिस्प्लेच्या सीलवर असते. ग्लास चेंजमध्ये काच सोडवायची बारीक तार थोडी खोल गेली की जाळी कापली जाते, म्हणून तिथे ग्लास चेंजची जोखीम जास्त.

स्नेहलतागंज

घरी मुलांना हे करून दाखवायचं असेल तर?

रामबाग

सगळ्यात सोपं: फोन टेबलावर, पॉइंटर लोकेशन चालू, त्यावर एक रुपयाचं नाणं ठेवा. टच लागत नाही. आता नाण्याला बोट लावा, लागतो. नाणं तेच, फक्त त्याला ग्राउंड मिळालं. पेन्सिलीला ॲल्युमिनियम फॉइल गुंडाळून टोक ६ मिमीचं चपटं करा, हात फॉइलवर असला तर लिहितं, लाकडावर असला तर नाही.

त्यापुढे जायचं असेल तर ईएसपी३२ बोर्ड (टच पिना असलेला छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड), तांब्याची चिकटपट्टी आणि २ मिमी ॲक्रिलिक घ्या. ॲक्रिलिकच्या मागे १० मिमी रुंदीच्या पाच पट्ट्या, मध्ये २ मिमी जागा. पिना १३, १४, २७, ३२, ३३ वापरा. टचच्या ०, २, १२, १५ या पिना बोर्ड चालू होताना इतर कामात असतात, त्या टाळा. तारा १०-१५ सेंमीपेक्षा लांब नकोत आणि एकत्र पिळू नका, नाहीतर एकीचा सिग्नल दुसरीत दिसतो. टचरीडचं (पिन वाचणाऱ्या आज्ञेचं) मूल्य या जुन्या ईएसपी३२ वर बोट लावल्यावर घटतं. एस२, एस३ वर वाढतं, म्हणून वजाबाकी उलटी करावी लागते. सोळा वाचनांची सरासरी, बेसलाइन वजा, मग वरचाच मध्यबिंदू.

पहिल्यांदा केल्यावर निराशा होते: आकडा पट्टीच्या मध्याला चिकटून राहतो आणि मग उडी मारतो. कारण १२ मिमी अंतरावरच्या सरळ पट्ट्यांत ८ मिमीचं बोट एकीवरच मावतं. पट्ट्यांच्या कडा करवतीच्या दातांसारख्या कापून एकमेकींत शिरवा. मुलांच्या हाताने कापूनही रेघ सलग होते, आणि शंकरपाळ्या का, हे वेगळं समजवावं लागत नाही.

बेसलाइन हळूहळू सरकवताना एक अट पाळा: बोट असताना ती सरकवू नका. नाहीतर बोट टेकवून ठेवलं की अर्ध्या मिनिटात स्पर्श "विरतो".

तांब्याची तार

ताई, इंदूरच्या मुलांना हेही सांगा. १९६५ मध्ये इंग्लंडच्या रॉयल रडार एस्टॅब्लिशमेंटमधल्या ई. ए. जॉन्सन यांनी अशा पडद्याचं वर्णन छापलं, विमान वाहतूक नियंत्रणासाठी. पुढे १९७० च्या दशकात सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेत बेंट स्टुम्पे यांनी एसपीएस त्वरकाच्या नियंत्रण कक्षासाठी काचेवरचा पारदर्शक कपॅसिटिव्ह पडदा बनवला. त्याच सर्नच्या एलएचसी या मोठ्या त्वरकाचे चुंबक ज्या जॅकवर बसलेत ते पुरवण्यात आपल्या इंदूरच्या आरआरकॅटचा (राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्राचा) हात आहे. सुखनिवासच्या रस्त्याने जाताना मुलांना हा धागा दाखवता येईल.

छावणीकर

सगळं करून बघितलं. बॅटरीवर एकही खोटा टच नाही. चार्जर लावून अंगठा टेकवला की खोटे टच अंगठ्याच्याच आडव्या ओळीत, तार काकांनी लिहिल्याप्रमाणे. दुसऱ्या चार्जरवर शून्य. टेम्पर काढला तर कडेची अक्षरं पहिल्या टॅपला. एकच शंका उरली: गादीवर ठेवलेल्या फोनवर, बॅटरीवरच, दोन अंगठे एकदम टेकवले की कधी कधी तिसरा टच दिसतो. हातात धरल्यावर दिसत नाही.

तांब्याची तार

फोल्डर ठीक आहे. गादीवर फोन हवेत तरंगतो, त्याच्या ग्राउंडला तुमच्याशी किंवा जमिनीशी बांधणारं काही नसतं. अंगठ्याने झेललेला चार्ज शरीरावाटे फोनच्या ग्राउंडला परत जायला हवा, तो रस्ता अरुंद झाला की एका अंगठ्याने झेललेला सिग्नल दुसऱ्या अंगठ्यावाटे पुन्हा स्क्रीनवर उतरतो. तिथे फरक उलट्या चिन्हाचा होतो, अंगठ्याचा डोंगर मधोमध खचतो आणि एकाचे दोन दिसतात. हातात धरल्यावर तळहात फोनच्या मागच्या बाजूशी मोठ्या क्षेत्रफळाची धारिता बनवतो आणि रस्ता मोकळा होतो. जाड रबरी कव्हर असेल तर एकदा काढून बघा, हातात धरूनही कधी दिसलाच तर तो त्यामुळे.